घोडीच्या मानेवरची दुसरी खूण

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. एका चोरीतला पंच दुसऱ्याच पंचनाम्यात शिरतो, एका गावचा पोलीसपाटील भलत्याच गावात दिसतो. पण दवाखान्याच्या मागच्या अंगणात आडवी पडलेली ती तांबूस घोडी आजही जशीच्या तशी डोळ्यांसमोर येते. त्या प्रकरणात माणूस मेला नव्हता, कुणी फरारी नव्हतं, वर्तमानपत्रात चार ओळींपलीकडे काही आलं नाही. तरीही तपासात मी इतका चुकत चुकत दुसऱ्या कुठल्याच प्रकरणात खऱ्यापर्यंत पोचलो नाही.

नावं मी कुणाचीच देणार नाही. घोडीचंही नाही, कारण त्या खोऱ्यात तिचं नाव घेतलं तर मालक कोण हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतील.

मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. सातारा-सांगली रस्त्यावर आमच्या हद्दीत जनावरांचा एक खाजगी दवाखाना होता. तो चालवणाऱ्या डॉक्टरबाई तिशीच्या आतबाहेरच्या होत्या. मोठ्या जनावरांचे एक्स-रे काढायची सोय आसपास त्यांच्याकडेच होती, त्यामुळे शर्यतीचे बैल, गाभण म्हशी, क्वचित घोडी असं लांबलांबून तिथे येत असे.

दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं. ठाणे अंमलदारानं आत येऊन सांगितलं, "साहेब, दवाखान्यात राडा झालाय. घोडी मेली म्हणून लोकांनी काचा फोडल्या."

मी हवालदारांना आणि दोन शिपायांना घेऊन गेलो. वीस-पंचवीस माणसं आरडाओरडा करत होती. घोडीचा मालक मात्र त्यांच्यात नव्हता. तो एका कडेला पाठ ताठ ठेवून उभा होता. साठी ओलांडलेला, पांढऱ्या मिशा, लष्करातल्या घोडदळातून निवृत्त झालेला माणूस. मेढ्याकडच्या डोंगराळ भागातलं त्याचं गाव. आरडाओरडा करणारे त्याचे पुतणे आणि गाववाले होते.

डॉक्टरबाई अंगणात घोडीजवळ खाली बसल्या होत्या. त्यांचा एक हात अजून तिच्या मानेवर होता. गर्दी त्यांच्या नावानं शिव्या देत होती आणि त्या गर्दीकडे बघतही नव्हत्या. गुन्हा केलेला माणूस आधी दरवाजा कुठे आहे ते बघतो, हे मी नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत शिकलो होतो. पण त्या दिवशी मी ते विसरलो. गर्दीचा आवाज मोठा असला की पोलिसाचा कानही त्याच बाजूला झुकतो.

एका पुतण्यानं जागेवरच तक्रार लिहिली. भुलीचं औषध जास्त झाल्यामुळे घोडी मेली, डॉक्टरनं बेफिकिरीनं जनावर मारलं. म्हाताऱ्यानं ती न वाचताच खाली सही केली. प्राण्याला ठार मारून आगळीक केल्याच्या कलमाखाली मी गुन्हा दाखल केला आणि डॉक्टरबाईंना ठाण्यात आणलं. संध्याकाळपर्यंत त्यांना बाकड्यावर बसवून ठेवलं. गरज नव्हती. गावाला दिसावं म्हणून ठेवलं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्यांचा जबाब मी स्वतः घेतला.

"भूल किती दिली?"

"भूल दिलीच नव्हती, साहेब."

"म्हणजे?"

त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. घोडी मागच्या पायानं लंगडत होती. पायाच्या खालच्या भागाचा फोटो घोडं उभं असताना काढता येतो, पण दुखणं कंबरेच्या हाडात असल्याचा त्यांना संशय होता. तो फोटो नीट यायला जनावर आडवं करावं लागतं आणि त्यासाठी पूर्ण भूल लागते.

"घोड्याला भूल देणं हे माणसापेक्षा फार जोखमीचं असतं," त्या म्हणाल्या. "एवढं वजन आडवं पडलं की स्वतःच्याच भारानं फुप्फुसं दबतात, स्नायू आखडतात. जाग येताना घाबरून उठायला गेलं तर पायाचं हाड मोडू शकतं. हे सगळं मी त्यांना आधी सांगितलं होतं. त्यांनी विचार करायला एक दिवस घेतला आणि मगच सही केली. पण आम्ही भुलीपर्यंत पोचलोच नाही. आधी उभ्या जनावराला शांत करणारं इंजेक्शन देतात, तेवढं दिलं. दोन-तीन मिनिटांत तिचे पाय थरथरले आणि ती कोसळली. मी छाती दाबली, औषधं दिली. हृदय परत सुरू झालं नाही."

"शांत करणारं जास्त झालं असेल."

"बाटली तुमच्या ताब्यात आहे. राहिलेलं मोजून घ्या."

त्यांचा आवाज चढला नाही. मला तो उद्धटपणा वाटला. खरं तर तो थकवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी शवविच्छेदन केलं. मी पंच घेऊन हजर होतो. आमचे हवालदार माणदेशातले, त्यांचं सगळं घराणं मेंढरांमागे फिरलेलं. जनावर बघायची त्यांची नजर आमच्यापेक्षा वेगळी होती. ते घोडीच्या मानेपाशी वाकले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

"साहेब, डाव्या अंगाला केस भादरून सुई लावलीया, ती डॉक्टरीनबाईंची. पर ह्यो उजव्या अंगाचा टोचा बघा. हितं केस भादरल्यालं न्हाईत. रगात साकाळलंय. ह्यो कुनाचा?"

पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी बघितलं. शिरेवरचीच टोचणी होती, ताजी, आदल्या दिवसाची. शांत करणाऱ्या औषधाच्या बाटलीतून जेवढं गेलं होतं, ते घोडीच्या वजनाला बरोबर होतं, असंही त्यांनी सांगितलं. व्हिसेरा काढून प्रयोगशाळेकडे पाठवला. अहवालाला काही महिने लागणार हे ठरलेलंच होतं.

डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, उजव्या बाजूला मी सुई लावलीच नाही. मग मी त्यांच्या ड्रेसरला, म्हणजे मलमपट्टी करणाऱ्या मदतनिसाला, उचललं. पन्नाशीचा माणूस, वीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काम केलेला. माझ्या डोक्यात गोष्ट तयार झाली होती. यानं चुकून दुसरं इंजेक्शन दिलं आणि बाई त्याला झाकताहेत.

"खरं बोल. काय टोचलंस?"

"सायेब, मॅडमनी सांगितल्याबिगर मी पान्याचा थेंब बी देत न्हाई."

मी त्याला हात लावला नाही. पण दोन दिवस रोज बोलावलं, तासन्‌तास उभं केलं, त्याच्या मुलीच्या ठरलेल्या लग्नाचा विषय काढला. नवऱ्याकडच्यांना कळलं तर काय होईल, असं बोललो. तो माणूस माझ्यासमोर रडला. मला वाटलं, आता फुटतोय. प्रत्यक्षात त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून तो रडत होता. हा फरक मला त्या वयात ओळखता यायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. बाईमाणूस, साहेबांशीच बोलायचं म्हणते, असं अंमलदारानं सांगितलं.

"सायेब, त्या दवाखान्यातल्या मान्साला तरास देऊ नगा. घोडी टेंपोतनं जितं उतरवली, तितं जावा. चिंचंखाली दगडाचा बांध हाय. त्यात बघा."

"बाई, तुम्ही कोण बोलताय?"

"ते कशाला पायजे? खरं हाय का न्हाई एवढं बघा की."

फोन बंद झाला. घोडी उतरवताना तिथे एकही बाई नव्हती, हे सगळ्या जबाबांत आलं होतं. म्हणजे या बाईला हे कुणीतरी सांगितलं होतं. आणि अशी गोष्ट माणूस घरातच सांगतो.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर चिंचेचं झाड होतं. पंचांसमक्ष बांधाच्या भेगा बघितल्या. तिसऱ्या की चौथ्या भेगेत हातरुमालात गुंडाळलेली मोठी सिरिंज आणि एक बाटली सापडली. बाटलीत तळाला थोडं औषध होतं. जप्तीचा पंचनामा केला आणि मुद्देमाल सील करायच्या आधी ती बाटली डॉक्टरबाईंना दाखवली.

त्यांनी लेबल वाचलं. शेजारची खुर्ची ओढून त्या बसल्या.

"हे शिरेतून दिलं?"

"तसं दिसतंय. काय आहे हे? विष?"

"नाही हो. साधं अँटिबायोटिक आहे, सल्फाच्या जातीचं. मीही वापरते. पण आम्ही जे शांत करणारं इंजेक्शन देतो, त्याच्या जोडीला हे शिरेतून गेलं तर घोड्याच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जागेवर मरतं जनावर. म्हणून तर मी आधी विचारते, दुसरं काही औषध दिलंय का."

"यांना विचारलं होतं?"

त्यांनी संमतीचा फॉर्म काढला. 'इतर औषधे' असं छापलेल्या रकान्यात आडवी रेघ होती.

"ते म्हणाले, काही नाही. मी रेघ मारली."

मग त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. फोटो काढायच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्याचा फोन आला होता. घोडीच्या गुडघ्याला खरचटलंय, जमिनीवर लोळवणार तर आधी अँटिबायोटिक द्यायला नको का, असं तो विचारत होता. "मी म्हटलं, फोटोला कशाला? कुठे कापाकापी नाही, टाके नाहीत. गरज नसताना दिलं तर घोड्याचं पोट बिघडतं, आणि खरी गरज लागते तेव्हा औषध लागू पडत नाही. ते बरं म्हणाले. पण त्यांना पटलं नसावं. मी जरा झटकूनच बोलले असेन. बाहेर पेशंट ओळीनं उभे होते."

आता मला फिर्यादीकडेच, म्हणजे म्हाताऱ्याकडेच, जायचं होतं. त्याला ठाण्यात बोलावता आलं असतं, पण मी तसं केलं नाही. साध्या कपड्यांत, हवालदारांना बरोबर घेऊन, सकाळी उन्हं वर यायच्या सुमारास त्याच्या गावी गेलो. घर रस्त्यापासून चढावर होतं. शेजारी पत्र्याचा तबेला, आत खरारा, लगाम, खोगीर सगळं आपापल्या खुंटीला. जमीन झाडून काढलेली. रिकामा तबेला तो रोज झाडत होता.

त्याची बायको पाणी घेऊन बाहेर आली. "चा घेनार न्हवं?" एवढंच म्हणाली. मी तो आवाज ओळखला. तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि ती आत गेली. मी हवालदारांकडेही बघितलं नाही.

म्हाताऱ्याबरोबर मी तबेल्याच्या उंबऱ्यावर बसलो. घोडीबद्दल विचारलं. शिंगरू असताना आणलेली, आता दहा वर्षांची. यात्रेत देवाच्या पालखीपुढे तीच चालायची. खोऱ्यातल्या चार मुलींना त्यानं तिच्यावर बसायला शिकवलं होतं. त्यातली एक पुढे पोलीस भरतीत लागली, हे सांगताना त्याला बरं वाटलं.

मग मी म्हटलं, "पलटणीत घोडं आजारी पडलं तर इंजेक्शन तुम्हीच देत होता?"

"व्हय. डॉक्टर एक आन घोडी ढीगभर. आमीच द्यायचो."

"मला कधी कळलं नाही. एवढ्या मोठ्या मानेत शीर सापडते कशी?"

त्यानं हात उचलला. समोर जणू घोडी उभी आहे अशा अंदाजानं डावा अंगठा हवेत दाबला. "हितं दाबायचं. खालनं रगात तटतंय, शीर फुगती. मग उजव्या हातानं..."

हात तिथेच थांबला. त्यानं तो सावकाश खाली घेतला, मांडीवर ठेवला.

"बाटली घावली का?" त्यानं विचारलं.

"घावली."

"तिला जंतू लागू ने म्हनून दिलं, सायेब. दवाखान्याच्या जमिनीवर रोज आजारी जनावरं पडत्यात. बाई तरनी हाय, तिला काय म्हाईत, असं वाटलं. मी चाळीस वर्सं घोडी बघितल्याती. मागल्या साली जखमंला आनल्यालं औशद घरात हुतं. पोरं फुडं आत गेली, गाडीवाला पान्याला गेला, तवा दिलं."

"आणि बाईंनी विचारलं तेव्हा?"

"समदी उभी हुती. पुतने, गाववाले. तिनं नगं म्हनून सांगितलं हुतं आन मी दिलं, हे त्येंच्यासमोर कसं बोलू? न्हाई म्हनालो." मग त्यानं तो प्रश्न विचारला, ज्याची मला रस्ताभर भीती वाटत होती. "सांगितलं असतं तर?"

मी खोटं बोलू शकलो असतो. अहवाल आलेला नव्हता, नक्की काही माहीत नाही असं म्हणायला जागा होती. पण हा माणूस खोट्यानंच या जागी आला होता.

"तर त्यांनी इंजेक्शन दिलं नसतं," मी म्हटलं. "फोटो चार दिवसांनी काढला असता."

तो उठला, तबेल्यात गेला आणि गव्हाणीवर दोन्ही हात टेकून आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. हवालदारांनी डोळ्यानं मला खुणावलं, आपण बाहेर थांबू.

अंगणात त्याची बायको उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "त्या मान्साला सोडलं का?"

"सोडलं."

"पुतने घरात हसून सांगत हुते, ड्रेसरला पोलिसांनी चांगलाच धरलाय म्हनून. त्ये ऐकून ह्ये जेवनावरनं उठले. मी इचारलं, आवं, तुमचा हातरुमाल कुटं हाय? तवा सांगितलं. म्हनले, सही करून बसलोय, आता मागं फिरायला तोंड न्हाई." तिनं तबेल्याकडे बघितलं. "त्येंना वाईट समजू नगा. मला फोन करताना लय जड गेलं."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः ठाण्यात आला आणि पुरवणी जबाब दिला. एक शब्द वगळला नाही. नंतर म्हणाला, दवाखान्यात जायचंय, पण पुतण्यांना घेऊन. मी बरोबर गेलो, कारण पुन्हा काही गडबड नको होती. फुटलेल्या खिडकीला पुठ्ठा लावलेला होता. त्यानं त्या सगळ्यांसमोर, उभ्यानं, खड्या आवाजात सांगितलं, "घोडी माज्या हातानं गेली. बाईंची चूक न्हाई." आणि ड्रेसरपुढे जाऊन हात जोडले. ड्रेसरनं ते हात खाली केले. मी तिथेच उभा होतो. ड्रेसरपुढे मलाही दोन शब्द बोलता आले असते. अंगावर वर्दी होती म्हणून बोललो नाही. पुढे बदलीच्या आधी त्याच्या घरी जाऊन बोललो, पण ते त्या दिवशीच बोलायला हवं होतं.

डॉक्टरबाईंनी म्हाताऱ्याला खुर्ची दिली. त्यांना रागवायचा हक्क होता. त्या एवढंच म्हणाल्या, "मी विचारलं, पण चार माणसांत, घाईघाईनं विचारलं. तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं."

"सांगितलं असतं," तो म्हणाला.

अहवाल आला, त्यात ते सल्फाचं औषध निघालं. डॉक्टरबाईंवरचा आरोप टिकत नव्हता. प्रश्न होता प्रकरण बंद कसं करायचं. वरिष्ठांचं म्हणणं होतं, 'ब' समरी पाठवा. म्हणजे फिर्याद खोटी होती, फिर्यादीवर कारवाई व्हावी. कागदावर पाहिलं तर ते चूक नव्हतं. मी दोनदा जाऊन बोललो. सही केली तेव्हा या माणसाला खरोखर वाटत होतं की घोडी भुलीनं गेली, आपल्या औषधाचा असा परिणाम होतो हे त्याला ठाऊक नव्हतं, असं लिहून 'क' समरी पाठवली. गैरसमजातून झालेली फिर्याद. न्यायालयानं ती मान्य केली. काचांची भरपाई त्यानं मागायच्या आत केली होती. बाटलीची खबर ठाण्याला कुणी दिली, हे त्यानं मला कधी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही.

या प्रकरणातून काय शिकलो, असं कुणी विचारलं तर मी मोठं काही सांगत नाही. पोलीस म्हणून आयुष्यभर मी समजत होतो की माणूस शिक्षेच्या भीतीनं खोटं बोलतो. त्यापेक्षा कितीतरी जास्त खोटं माणूस लाजेपोटी बोलतो, आणि ते बोलताना ते किती महाग पडणार आहे याची त्याला कल्पना नसते. त्यानंतर राहिलेल्या नोकरीत मी महत्त्वाचा प्रश्न कधी चार माणसांत विचारला नाही. साक्षीदाराला आधी एकटं बसू दिलं, पाणी दिलं, आणि 'काही लपवलंस का' ऐवजी 'सांगायचं काय राहिलंय' असं विचारलं. खूप प्रकरणं त्या एका बदलानं सोपी झाली.

निवृत्तीनंतर सांगलीला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. भुलीचे डॉक्टर खाटेजवळ आले. तरुण होते, हातात फॉर्म. मुलगा, सून, व्याही सगळे उभे होते. डॉक्टरांनी विचारलं, "इतर काही औषधं चालू आहेत?"

मी तोंड उघडलं होतं ते 'काही नाही' म्हणायलाच. गावाकडच्या एका वैदूची पुडी मी चार महिने गुपचूप घेत होतो. सुनेनं ती दोनदा फेकून दिली होती आणि मी तिसऱ्यांदा आणवली होती.

त्यांचं पेन फॉर्मवर टेकलेलं होतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "या सगळ्यांना जरा बाहेर पाठवा. मला तुम्हाला काही सांगायचंय."